जुलिएट सिएरा आणि सिएरा जुलिएट

सुरतच्या धावपट्टीवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी विमानात एकदाही बसले नव्हते. विमानांशी बोलायला मात्र शिकले होते. अलाहाबादला प्रशिक्षण घेतलं होतं, परीक्षेत बरे मार्क पडले होते, आणि हेडफोन कानावर चढवला की माझा आवाज आपोआप एक पट्टी खाली जायचा. घरात कुणी हाक मारली तरी मी "गो अहेड" म्हणायचे.

आम्ही उधन्याला भाड्याच्या घरात राहायचो. वडील रिंग रोडवरच्या एका बँकेत होते. आई धुळ्याकडची, आणि नव्वदचं दशक अर्धं सरत आलं तरी सुरतेत घराबाहेर पडल्याशिवाय ती गुजरातीचा एक शब्द उच्चारायची नाही. घरात अहिराणी. माझ्या अभ्यासाचा तिने धसकाच घेतला होता. रेडिओवर आवाज घरघरतो आणि 'बी', 'डी', 'पी', 'टी' सगळी अक्षरं सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, जे म्हणजे जुलिएट, एस म्हणजे सिएरा. हे पाठ व्हावं म्हणून मी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून पुढच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत जायचे. सुरतेतल्या सगळ्या गाड्या जीजे फाइव्ह. म्हणजे उधना दरवाज्यापर्यंत मी शंभर वेळा "गोल्फ जुलिएट" म्हणायचे. शेवटी एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आईने वडिलांना हळूच विचारलं, "ही सारखी जुलिएट जुलिएट करस, कोन शे ती?"

वडील म्हणाले, "प्रशिक्षणातली मैत्रीण असेल."

धावपट्टी शहराच्या बाहेर, डुमसच्या रस्त्याला होती. आज तिथे जे मोठं विमानतळ दिसतं त्याचा तेव्हा मागमूस नव्हता. एक बैठी इमारत आणि तिच्यावर चढवलेली काचेची खोली, एवढंच. त्या खोलीला आम्ही ऐटीत टॉवर म्हणायचो. तिथे आम्ही तिघंच महत्त्वाची माणसं. एक आमचे साहेब, भावनगरचे, पन्नाशीचे, शांत, मराठी समजणारे पण बोलताना गुजरातीच बोलणारे. दुसरी मी. तिसरा आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. तो नवागामला राहायचा, मूळचा अमळनेरकडचा. आग कधीच लागली नाही, त्यामुळे त्याचं खरं काम धावपट्टीवरून म्हशी हाकलणं हे होतं. तेवढ्यासाठीसुद्धा तो बंबाचा भोंगा वाजवायचा. म्हशी ढिम्म हलायच्या नाहीत, पण काचेच्या खोलीत आम्ही दचकायचो.

विमानं कमी यायची. दिवसातून एखादं, कधी तेही नाही. हजीऱ्याच्या कारखान्यांचे पाहुणे, कुणी मंत्री, एखादा उद्योगपती. त्यामुळे लग्नसराईत एका शेटजींनी मुलीच्या लग्नासाठी विमान ठरवल्याचं कळलं तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या. शेटजी हिऱ्याचे व्यापारी. डुमस रोडवरच्या एका मोठ्या पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या मैदानावर लग्न होतं आणि नवरदेवाची वरात दाराशी आली की तिच्यावर आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पडणार होत्या. गंमत म्हणजे त्याच सकाळी रिंग रोडवर एका साडीच्या व्यापाऱ्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, आणि त्यालाही विमानच हवं होतं. तो जाहिरातीची पत्रकं उधळणार होता. दोघांनी परगावच्या एकाच फ्लाइंग क्लबकडून एकेक छोटं विमान मागवलं होतं. परवानग्या रीतसर आल्या होत्या.

विमानाला नंबर असतो तसं रेडिओवरचं नावही असतं. पूर्ण नाव लांबलचक, पण एकदा ओळख झाली की शेवटच्या दोन अक्षरांवर काम भागतं. लग्नाच्या विमानाची शेवटची अक्षरं जे-एस. साडीच्या विमानाची एस-जे. म्हणजे एक जुलिएट सिएरा, दुसरं सिएरा जुलिएट.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढून मला म्हणाले, "बेन, सांभाळजो. आ बे नाम सारां नथी." ही दोन नावं काही बरी नव्हेत.

मी म्हटलं, "साहेब, मी आहे ना."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दोन्ही विमानं आली. एकातला वैमानिक हवाई दलातून निवृत्त झालेला, क्लबचा मुख्य शिक्षक. दुसऱ्यातला त्याचाच शिष्य. हे मला नंतर कळलं, पण कळलं तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. कारण शिष्याने गुरूकडून विमान चालवण्याबरोबर बोलणंही उचललं होतं. तोच घोगरा सूर, तीच घाई, वाक्याच्या शेवटी तोच "अँड... अ..." असा लांबवलेला श्वास. हेडफोनमध्ये दोघांत काडीचा फरक नव्हता. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत सांगते.

मी म्हटलं, "जुलिएट सिएरा, धावपट्टी बावीस, उतरायला मोकळी." बावीस हा आमच्या पट्टीच्या त्या टोकाचा नंबर.

उत्तर आलं ते नुसतं किंचाळल्यासारखं. चीईई. दोन माणसं एकाच वेळी बटण दाबून बोलली की असंच होतं, दोघांचं बोलणं एकमेकांत अडकतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिट्टी वाजते. मी काचेतून बाहेर पाहिलं. एक विमान समुद्राच्या बाजूने वळत होतं. दुसरं शहराच्या बाजूने वळत होतं. दोघांची नाकं माझ्या धावपट्टीच्या एकाच टोकाकडे होती.

माझ्या तोंडातून शब्द आले ते अगदी प्रशिक्षणातल्यासारखे. "दोन्ही विमानांनी उतरू नये, वर जावं. पुन्हा सांगते, दोन्ही, वर!"

दोघांनी नाकं वर केली. एक डावीकडे गेलं, एक उजवीकडे, मध्ये भरपूर निळं आकाश सोडून. खाली बंबाच्या ड्रायव्हरला वाटलं हा उद्याच्या कार्यक्रमाचा सराव आहे. त्याने टाळ्या वाजवल्या.

साहेब चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते. कप जराही हलला नव्हता. ते म्हणाले, "हवे धीमे धीमे. पहेला नाम बदलो."

नियम होताच तसा. दोन नावं एकसारखी वाटली तर टॉवरने एकाला किंवा दोघांना तात्पुरतं वेगळं नाव द्यायचं. प्रशिक्षणात आम्ही ते शिकलो होतो, उदाहरणांसकट. त्या क्षणी मला एकही उदाहरण आठवेना. डोक्यात फक्त उद्याचा कार्यक्रम फिरत होता. मी बटण दाबलं.

"समुद्राच्या बाजूला असलेलं विमान, पुढची सूचना मिळेपर्यंत तुमचं नाव गुलाब."

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला.

"शहराच्या बाजूला असलेलं विमान, पुढची सूचना मिळेपर्यंत तुमचं नाव साडी."

साहेबांनी कप खाली ठेवला. आमचं सगळं बोलणं टेपवर जात होतं, हे मला आता आठवलं.

मग अत्यंत गंभीर, लष्करी आवाजात उत्तर आलं, "गुलाब, रॉजर."

मग पुन्हा तोच घोगरा सूर, जरा पडलेला. "...साडी, रॉजर."

दोघं एकामागोमाग एक लोण्यासारखे उतरले. गुलाब आधी, साडी नंतर. अंगावरची अक्षरं वाचली, तर नशिबाने गुलाब हेच लग्नाचं जुलिएट सिएरा निघालं. जिना चढून वर आलेला गुरू पांढऱ्या मिशांचा, उंच, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलेला होता. त्याने मला विचारलं, "बेटा, माझ्या जागी तो असता तर मी साडी झालो असतो का?" मी "हो सर" म्हटलं. शिष्य मागे उभा होता. तो जिना उतरेपर्यंत सगळे त्याला साडी म्हणायला लागले होते.

रात्री मला झोप आली नाही, पण ती भीतीने नव्हे. आतून सारखं उकळल्यासारखं हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दोन टेम्पो आले. एकातून पाकळ्या, एकातून पत्रकं. फेकायला सोपं जावं म्हणून दोन्ही माल सुतळीने तोंड बांधलेल्या गोण्यांत भरला होता, आणि गोण्या कुठल्या तरी सुताच्या गिरणीतल्या, हुबेहूब सारख्या. माल उतरवून टेम्पो निघून गेले. कुठली रास कशाची, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं. त्याने खालून इंटरकॉमवर विचारलं, फुलं कोणत्या विमानात टाकू?

तेव्हा मी दुसऱ्या रेडिओवर मुंबईशी हवामान बोलत होते. इंटरकॉम साहेबांनी उचलला. आयुष्यभर ज्यांनी जुलिएटला जुलिएट आणि सिएराला सिएराच म्हटलं, त्या साहेबांच्या तोंडात नेमका कुरकुरीत खाखऱ्याचा तुकडा होता. ते म्हणाले, "जे एस, एमां फूल मूको."

'जे एस'मध्ये फुलं टाका. यात काय चुकणार होतं?

ड्रायव्हरने अगदी मन लावून ऐकलं होतं. जे 'एस' आहे, त्यात फुलं टाका. त्याने दोन्ही विमानांच्या अंगावरची अक्षरं पाहिली. एकाची शेवटची जोडी 'जे'ने सुरू होत होती, एकाची 'एस'ने. तेव्हा 'एस'वाल्यात फुलं, उरलेल्यात कागद. त्याने गोण्या नीट रचल्या, वरून ताडपत्री ओढली आणि हात झटकले.

दोन्ही विमानं उडाली. या वेळी माझ्याकडून एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. गुलाब डुमस रोडकडे गेलं, साडी रिंग रोडकडे. सकाळ स्वच्छ होती. साहेबांनी मला खाखरा दिला.

थोड्या वेळाने गुरूचा आवाज आला, "टॉवर, गुलाब. सगळा माल टाकला, परत येतोय. खाली लोक फार खूश दिसतायत, हात हलवतायत."

मी म्हटलं, "गुलाब, छान. या परत."

लगेच शिष्य बोलला. त्याचा आवाज पहिल्यांदाच गुरूपेक्षा वेगळा वाटला, जरा चिरकलेला. "टॉवर, साडी. माझा माल कसला होता, खात्री करा."

"साडी, तुमचा माल पत्रकं."

"नाही, टॉवर." मग एकेक अक्षर सुटं करत, "गुलाब."

त्याला आपल्या नावाची पुन्हा गडबड झाली असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही, तुम्ही साडी."

"मी साडीच आहे! पण माझ्यातून गुलाब पडतायत!"

साहेबांनी हातातला खाखरा खाली ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग काचेतून खाली पाहिलं. ड्रायव्हर बंबाच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. मी जिना उतरून धावत गेले.

"दादा, फुलं कुठे टाकलीत?"

तो उभा राहिला. "साहेबनी सांगं ना ताई, जे एस त्याम्हा फुलं. मी जे एस व्हतं त्याम्हा टाकी दिधात."

मग मला जे हसू आलं ते थांबेचना. बंबाचं चाक धरून मी हसत होते, आणि वरून साहेब खिडकी उघडून "शुं थयुं? शुं थयुं?" विचारत होते.

पुढे दोन्हीकडची हकिगत कळली ती अशी. गुरूच्या विमानात मागे क्लबचा एक मदतनीस बसला होता. त्याने गोणीचं तोंड सोडलं आणि कागद पाहून ओरडला, "सर, यात कागद आहेत!" इंजिनाच्या आवाजात गुरूला काही ऐकू गेलं नाही. फेकू का, असं विचारत असेल, म्हणून त्याने अंगठा वर केला. मदतनिसाने फेकले. खाली नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, दाराशी आरतीचं ताट घेऊन नवरीकडच्या बायका, आणि सगळ्यांच्या माना वर. वरून हजारो गुलाबी पत्रकं भिरभिरत आली. त्यांच्यावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'बे साडी पर एक मफत'. एक पत्रक नवरदेवाच्या साफ्याच्या तुऱ्यात अडकलं. त्याचे मित्र घोड्याला घेराव घालून विचारायला लागले, "भाई, तू केटली लेवानो?" किती साड्या घेणार, म्हणे. ज्या बायकांकडे ताट होतं त्यांनी ताट शेजारणीला दिलं आणि पत्रक वाचायला घेतलं.

तिकडे रिंग रोडवर, साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या हमालांच्या डोक्यांवर, हातगाड्यांवर, रिक्षांवर आणि दुकानाची फीत कापणाऱ्या व्यापाऱ्यावर गुलाब बरसला. व्यापाऱ्याने वर पाहिलं, क्षणभर गोंधळला, आणि मग हे सगळं आपणच ठरवलं होतं अशा थाटात हात जोडून उभा राहिला.

अर्ध्या तासाच्या आत एक पांढरी गाडी आमच्या फाटकातून धूळ उडवत आत आली. तिच्यातून हिऱ्याचे शेटजी उतरले. अंगात शेरवानी, डोक्याला साफा, हातात मूठभर पत्रकं. माझी पहिली नोकरी आज संपली असं मी धरून चालले. साहेब पुढे झाले आणि "सगळी चूक माझी" म्हणून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शेटजींनी ते ऐकलंच नाही.

"साहेब, वरात दाराशी थांबवून ठेवलीय," ते म्हणाले. ते गुजरातीत बोलत होते आणि बोलता बोलता धापा टाकत होते. "मुलगी हसून हसून बेजार झालीय. मेकअप वाहून गेला. म्हणते, पप्पा, आता फुलं पडल्याशिवाय मी मांडवात येणार नाही. विमान पुन्हा उडवा."

साहेब म्हणाले, "पण फुलं?"

शेटजींनी गाडीची डिकी उघडली. मांडवाच्या खांबांवरून ओरबाडून आणलेल्या झेंडूच्या माळा आत कोंबलेल्या होत्या. गुलाब सगळे रिंग रोडवर गेले होते.

मग आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला, बंबाच्या सावलीत, मांडी घालून बसलो. साहेब, मी, ड्रायव्हर, दोन्ही वैमानिक आणि शेरवानीतले शेटजी. झेंडू सोलत. हो, सोलतच. कुणी पाकळ्या तोडत होतं, कुणी अख्खी फुलं कुस्करत होतं. ड्रायव्हर सर्वांत जलद. त्याने शेटजींना दाखवलं, देठ असा धरायचा आणि पिळायचा. शेटजी म्हणाले, "वाह!" इतक्या वर्षांत मी हिऱ्याच्या व्यापाऱ्याला कशालाही एवढं वाखाणताना पाहिलं नाही.

गोण्या भरल्या. पण मदतनीस उठेना. पहिल्या फेरीतच त्याचं पोट ढवळून निघालं होतं आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. शिष्याबरोबर गेलेल्या दुसऱ्या मदतनिसाने हात वर करून आधीच माघार घेतली.

गुरूने माझ्याकडे पाहिलं. "बेटा, तू चल."

"मी? सर, मी कधी विमानात..."

"टॉवरमध्ये राहून विमानात बसली नाहीस?" त्याला खरंच धक्का बसला.

मी साहेबांकडे वळले. ते आधीच जिन्याकडे निघाले होते. वळून न बघता म्हणाले, "माइक हुं पकडुं छुं. जाव, जाव!"

ओढणी कमरेला घट्ट बांधून मी मागच्या सीटवर बसले, झेंडूच्या दोन गोण्यांच्या मध्ये. विमान इतकं लहान होतं की माझे गुडघे गुरूच्या पाठीला लागत होते. ते धावायला लागलं तेव्हा सगळं खडखडत होतं, खिडकी, सीट, माझे दात. आणि मग एकाएकी खडखड थांबली. जमीन सुटली होती. मी ओरडले. काय ओरडले ते सांगता येत नाही, शब्द नव्हताच तो. खाली आमची काचेची खोली काडेपेटीएवढी झाली. तापी वळसा घालून समुद्राला मिळत होती. हजीऱ्याची धुरांडी, खारी जमीन, डुमसचा रस्ता, सगळं उन्हात लख्ख.

हेडफोनमध्ये साहेबांचा आवाज आला. मी तो रोज शेजारून ऐकायचे, पण आकाशात ऐकताना तो दुसऱ्याच माणसाचा वाटला. "गुलाब, सुरत टॉवर. कुठे आहात?"

गुरूने माइक मागे माझ्या हातात दिला. "तू बोल."

मी बटण दाबलं. माझा रेडिओचा आवाज, ती खालची पट्टी, सगळं उडून गेलं होतं. मी लहान मुलीसारखी किंचाळले, "टॉवर, गुलाब! आम्ही वर आहोत! साहेब, आम्ही वर आहोत!"

मग साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "गुलाब, रॉजर. वर आहात."

पार्टी प्लॉट दिसला. घोडा दिसला, पांढऱ्या ठिपक्याएवढा. गुरूने बोट दाखवून ओरडून सांगितलं, आधी गोणी खिडकीबाहेर काढ, मग तोंड सोड. मी नेमकं उलट केलं. पहिल्या गोणीचा निम्मा झेंडू वाऱ्याने आतच उधळला. गुरूच्या मिशांत झेंडू, समोरच्या तबकड्यांच्या काचांवर झेंडू, माझ्या तोंडात झेंडू. तो एका हाताने काचा पुसत, दुसऱ्याने विमान सांभाळत खो-खो हसत होता. "दुसरी! दुसरी टाक!"

दुसरी मी नीट टाकली. खिडकीबाहेर हात काढून धरली आणि तोंड सोडलं. पिवळा-केशरी ढग मागे पडला, पसरला, आणि हळूहळू खाली उतरायला लागला. गुरूने विमान वळवून मला ते दाखवलं. बँडवाल्यांच्या पिपाण्या उन्हात चमकत होत्या. मांडवाच्या दारात लाल कपड्यातलं कुणीतरी दोन्ही हात वर करून गोल गोल फिरत होतं. ती नवरी असावी. मीही हात हलवला. तिला दिसला असणं शक्यच नव्हतं.

आम्ही उतरलो. शिष्य माझ्या स्वागताला उभा होता. म्हणाला, "पुढच्या वेळी मला गुलाब करा." मी म्हटलं, बघू.

दुपारी लग्नघरून जेवण आलं. पातेली, टोपल्या, गरम जिलेबी, उंधियू. सोबत शेटजींचा माणूस. तो म्हणाला, लग्न लागलं, सगळं छान झालं, फक्त मुहूर्त आटोपताच नवरदेवाकडच्या निम्म्या बायका गाड्या काढून रिंग रोडला साड्या घ्यायला गेल्यात आणि जेवणाच्या पंगती अर्ध्या रिकाम्या आहेत. म्हणून एवढं जेवण.

आम्ही बंबाच्या पायऱ्यांवर बसून जेवलो. साहेबांनी ड्रायव्हरला आग्रह करकरून जिलेबी वाढली. इंटरकॉमबद्दल दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. ड्रायव्हरने चौथी जिलेबी घेतली, आकाशाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "ताई, वरथून मन्ह नवागाम दिसनं का?"

मला ते शोधायचं सुचलंच नव्हतं. पण मी म्हटलं, "हो, दिसलं ना. घरंच घरं."

तो खूश झाला. "मंग तठेच मन्ह घर," म्हणाला, आणि पाकाने माखलेली बोटं पँटला पुसून म्हशी हाकलायला गेला.